उदंड मंडळी

स्वयंपाक करणाऱ्या बाईला देवानं एकच प्रश्न विचारायचा हक्क दिला आहे. "किती मंडळी धरू?" गोड काय, तिखट काय, कोशिंबीर कशाची, हे सगळं मागाहून. आधी आकडा. आकडा मिळाला की डाळ किती भिजवायची ते कळतं, पातेलं कोणतं काढायचं ते कळतं, आणि रात्रीची झोपही लागते. शिवलीलानं तो प्रश्न गोदूबाईंना अगदी अदबीनं विचारला, हातातला कॉफीचा पेला खाली ठेवून विचारला. आणि गोदूबाई म्हणाल्या, "उदंड."

"तसं नव्हे ओ अक्का," शिवलीला म्हणाली, "म्हणजे अंदाजे किती?"

"अंदाजेच सांगते की. उदंड."

झालं! आता करा स्वयंपाक.

गोदूबाई राहायच्या बेंगळूरला बसवनगुडीत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. त्यांचे यजमान विश्वेश्वरराव, म्हणजे सगळ्या बिल्डिंगचे अण्णा, येत्या रविवारी सत्तर पुरे करणार होते. सत्तरीची भीमरथी शांत करायची, सकाळी होम, मग औक्षण, मग पुरणपोळीचं जेवण, असा बेत होता. जवळचा एक लहानसा मंटप, म्हणजे कार्यालय, घेतला होता. स्वयंपाकाला एरवी त्यांच्यातला सोवळ्याचा आचारी यायचा, पण त्याला त्याच दिवशी मोठं लग्न मिळालं आणि त्यानं हात वर केले. तेवढ्यात शेजारणीच्या डब्यातून आलेली शिवलीलाची पोळी गोदूबाईंनी चाखली होती. "सोवळं गेलं आमच्या सासूबाईंबरोबर," त्या म्हणाल्या, "हाताला चव असली की सरी, झालं काम." आणि त्यांनी थेट शिवलीलाला बोलावणं धाडलं.

शिवलीला मूळची निपाणीकडची. नवरा नागराज पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लेथवर, घर दासरहळ्ळीला. पोळीला हात असा की तोंडात ठेवली की विरघळावी. पण नशीब बघा, तिचं नाव खराब झालं ते त्याच पोळीपायी. दासरहळ्ळीत एका बारशाला घरच्यांनी सांगितली तेवढ्या माणसांचं तिनं शिजवलं आणि शेवटची पंगत बसलेली असताना पुरण संपलं. लोकांच्या पानात लोणचं-भात पडला. चूक सांगणाऱ्याची, पण नाक कापलं गेलं शिवलीलाचं. तेव्हापासून निपाणी-चिकोडीकडची सगळी मंडळी हसून म्हणायची, "शिवलीलाचं जेवण ना? मग पहिल्या पंगतीला बसा." त्यानंतर एकानंही तिला कार्याला बोलावलं नाही. घरगुती डबे तेवढे चालू राहिले. म्हणून हे बसवनगुडीचं काम तिला देवानं दिल्यासारखं वाटत होतं. इथं पंगतीत कमी पडलं नाही तर नाव पुन्हा वर येणार होतं, आणि पडलं तर कायमचं बसणार होतं.

"अक्का," तिनं पुन्हा धीर केला, "आमंत्रणं किती घरी गेली तेवढं सांगा. माणसं मी धरते."

गोदूबाईंनी तिच्याकडं अशी नजर टाकली, जणू समोर शिवलीला नव्हे, जनगणनेवाली बसली आहे. "आमच्यात जेवणारी माणसं मोजत नाहीत, अगं. शहाजीराजे इथं आले तेव्हा आमचे लोक मागोमाग आले, तेव्हापासून नाही मोजली. भांडी मोजावी, वाट्या मोजाव्या, त्या हरवतात. माणसाला आकडा लावायचा नाही."

"मग पानं किती मांडता?"

"बसलेल्यांची पानं, आणि पंगतीच्या शेवटी एक जास्तीचं. रिकामं. त्याच्यावर कुणी येऊन बसलं की पुढं आणखी एक मांडायचं. तेवढं ध्यानात ठेव. शेवटचं पान कधी भरलेलं दिसता कामा नये."

शिवलीलानं मान डोलावली. मनात म्हणाली, हे सगळं ठीक आहे हो, पण हरभऱ्याची डाळ रिकाम्या पानाला विचारून भिजवू का?

नॅशनल कॉलेजच्या स्टेशनवरून ती मेट्रोत बसली, तो शब्द तिच्याबरोबर बसला. घरी येईतो डोक्यातून गेला नाही. तिची जोडीदारीण ठकुबाई दारातच निवडायला बसली होती. ठकुबाई म्हणजे वयानं साठीची, लाटण्याला वाघीण आणि जिभेला त्याहून. तिला सगळं सांगितलं तर ती सूप खाली ठेवून म्हणाली, "आगं बया! उदंड म्हंजी कंचं पातेलं?"

आता यात ठकुबाईचं काही चुकलं का? आपल्या मराठीत न मोजायच्या शब्दांना तोटा नाही. निपाणीकडं आंबे मोप असतात, काम रगड असतं, एखाद्याकडं पैसा बक्कळ असतो. गर्दी चिक्कार, तारे असंख्य, उपकार अनंत. बेंगळूरच्या तळ्याकाठचे डास बेसुमार. आणि मजा अशी की यातला एक काढून दुसऱ्याच्या जागी बसवायला जावं तर तो बसत नाही. ढेकूण उदंड झाले असं जन्मात कुणी म्हणत नाही आणि म्हातारी माणसं बेसुमार आयुष्य हो असा आशीर्वाद देत नाहीत. उदंड म्हटलं की त्यात देणाऱ्याचा हात आला, मन आलं, शुभ बोलणं आलं. सगळं आलं, फक्त आकडा तेवढा आला नाही.

शिवलीला स्वस्थ बसणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी तिनं अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणजे साधा माणूस, बायकोच्या शब्दाबाहेर नसलेला. ते म्हणाले, "बाई, मला जेवायला बोलावलंय, मोजायला नाही. तू पोळी मऊ कर, मला आता दात स्वल्पच आहेत." मग तिनं मंटपाच्या वॉचमनला विचारलं, खुर्च्या किती सांगितल्यात? तो म्हणाला, अम्मांनी खुर्च्याच नको म्हटल्यात, सगळे खाली बसणार. सतरंजी मोजायची म्हटली तर ती एकच होती, लांबलचक.

डाळ भिजवायची वेळ जवळ आली तशी शिवलीला रिकामी पातेली पुन्हा-पुन्हा काढून बघायला लागली. कमी पडलं तर दासरहळ्ळी. आणि जास्त शिजवलं तर? पुरण उरलं तर ते नाल्यात ओतायचं? आठवडाभर तोंडात घास गेला नसता तिच्या. शिवाय लाटणार दोघी, चार हात, त्यांतून पोळ्या तरी किती निघणार?

शुक्रवारी संध्याकाळी एक फोन आला आणि शिवलीलाला वाटलं, सुटले. फोन वादिराजचा होता. वादिराज हा अण्णांचा पुतण्या, व्हाइटफील्डला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावानं अगदी भला, पण सगळं नीट आखून-रेखून करणारा.

"शिवलीलाताई," तो म्हणाला, "काकूंनी तुम्हाला उदंड सांगितलं असेल."

"सांगितलं की हो दादा! दोन दिवस झाले, मी नुसती उदंड-उदंड करत फिरायलेय."

"काकूंचं मनावर घेऊ नका. आता आमच्यातलं इथं राहिलंय कोण? निम्मे अमेरिकेत, उरलेले पुण्याला. इथं आहेत ते वाहतुकीला भिऊन घराबाहेर पडत नाहीत. वीस माणसं होतील. फार तर पंचवीस. त्याच्या वर एक माणूस नाही."

आकडा! शिवलीलाला तो वादिराज साक्षात देवमाणूस वाटला. तिनं लगेच मनाशी धरलं, पंचवीस सांगतो, आपण चाळीस धरू. दासरहळ्ळीची आठवण म्हणून वरचे पंधरा. ठकुबाईला सांगितलं तर ठकुबाईनं तोंड वाकडं केलं. "आक्का उदंड म्हनली त्येचं काय?"

"अक्का म्हणतील. अक्कांना डाळ भिजवायची नाही."

"बघ बाई. म्हातारीचा शबुद हाय."

"शब्दानं पोट भरत नाही, ठकुबाई, पुरणानं भरतं," शिवलीला म्हणाली आणि शनिवारी रात्री चाळीस माणसांची डाळ पाण्यात टाकली.

रविवारी पहाटेच परसूनं टेम्पो आणला. परसू तिच्याच गावचा, कारखान्यांचा माल ने-आण करायचा, पण रविवारी तिची भांडी वाहायचा. मंटपाच्या मागच्या स्वयंपाकघरात दोघी घाम गाळत राहिल्या. बाहेर होम झाला. गोदूबाई जरीच्या हिरव्या साडीत इकडून तिकडं लगबग करत होत्या. अण्णांना ओवाळलं, अण्णांच्या डोळ्यांना धूर लागला की आणखी काही, ते डोळे पुसत बसले. कोपऱ्यात वादिराजनं मोबाइल उभा करून ठेवला होता आणि त्यात अमेरिकेची सगळी मंडळी टिकलीएवढ्या चौकोनांतून हात हलवत होती. गोदूबाई त्या मोबाइलपुढं वाकून म्हणाल्या, "जेवायला थांबा रे सगळे!" तिकडं रात्र झाली होती. एकेक चौकोन हसून, नमस्कार करून, काळा होत गेला.

पानं मांडली. शिवलीला दारातून बघत होती. स्वयंपाक करणाऱ्या बाईचा डोळा आपोआप मोजतो, त्याला कुणाच्या घरची रीत समजत नाही. अण्णा आणि भटजी धरून वीसही भरत नव्हते. वादिराजचं गणित चोख निघालं. एक पंगत, तीही पुरती नाही, आणि शेवटी ते एक रिकामं केळीचं पान. एवढी मोठी ती सतरंजी, तिच्या एका कडेला सगळे अंग चोरून बसल्यासारखे दिसत होते.

"थोडं थांबू या," गोदूबाई म्हणाल्या. "उदंड मंडळी यायची आहेत."

सगळे थांबले. दारातून एक कुत्रं डोकावून गेलं. गोदूबाई दारापर्यंत जाऊन आल्या, पदर सारखा केला, परत गेल्या, परत आल्या. भटजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. एका काकांनी वाहतुकीवर बोलायला सुरुवात केली, म्हणाले, सिल्क बोर्डाच्या चौकात अडकले असतील बिचारे. कोण अडकलंय ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. वादिराज खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढत बसला.

शेवटी अण्णाच म्हणाले, "गोदू, बसू या ना. मला गोळी घ्यायची आहे."

"सरी," गोदूबाई म्हणाल्या. एवढंच. पण ते म्हणताना त्यांनी पुन्हा एकदा दाराकडं पाहिलं आणि तोंडावर हसू आणलं. ते हसू शिवलीलानं पाहिलं मात्र, तिला गलबलून आलं. खरं तर तिनं खूश व्हायचं! पोळ्या उरणार, आमटी उरणार, पंगतीत कमी पडायचा प्रश्नच नाही, नाव झालं, बसवनगुडी जिंकली. पण तिच्याच्यानं खूश होववेना. ती वाढणं ठकुबाईकडं देऊन मागच्या दारानं बाहेर आली. परसू टेम्पोच्या सावलीत बिस्किटाचा पुडा फोडत होता.

"परसू, ठेव ते. आत चल. जेवायला बस."

"मी? त्या लोकांच्यात? मळकी पँट हाय माझी, वैनी."

"पँटीला कोण जेवू घालतंय? हात-पाय धू आणि चल."

परसू लाजत-लाजत आला आणि त्या रिकाम्या पानावर बसला. गोदूबाईंचं लक्ष गेलं. त्यांनी कोपऱ्यातून एक पान आणून त्याच्या शेजारी मांडलं आणि त्यावर पाणी शिंपडलं. पुन्हा एक पान रिकामं.

आता शिवलीलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आणि एकदा का बाईच्या डोक्यात काही आलं, की पुढं हिशेब नाही. तिनं वॉचमनला ओढला. त्याच्यापुढं पान पडलं. फाटकाशी मोगरा विकणारी प्रेमा होती, तिला टोपलीसकट आत घेतलं. पुढं पान पडलं. समोर रिक्षा स्टँड होता. शिवलीला पदर खोचून थेट तिथं गेली आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाली, "जेवण आहे, चला." रिक्षावाल्यांनी विचारलं, लग्न कुणाचं? ती म्हणाली, लग्न नाही, आमच्या अण्णांची सत्तरी. "अण्णांची? मग चला की!" असं म्हणत ते मीटर बंद करून रांगेनं आले, जाता-जाता अण्णांच्या पायाला हात लावून पंगतीत बसले. अण्णा प्रत्येकाला "बस रे, पोटभर जेव" म्हणत होते आणि असे काही फुलले होते की गोळी घ्यायची विसरूनच गेले. पुढं पान पडलं, त्याच्या पुढं पडलं, सतरंजीचं टोक आलं तेव्हा पंगत वळून समोरच्या बाजूनं सुरू झाली.

तेवढ्यावर तरी थांबावं की नाही? पण शिवलीलानं नागराजला फोन लावला. रविवार होता, कारखाना बंद, निपाणी-चिकोडीकडची सगळी पोरं दासरहळ्ळीच्या खोल्यांतून लोळत पडलेली.

"जेवली नसतील तेवढ्यांना घेऊन मेट्रोनं या," ती म्हणाली.

"किती आणू?"

"मोजू नका! आणा नुसते."

फोन ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. चाळीसाचं शिजवलंय! पण तीर सुटला होता. पाऊण तासानं पीण्याची फौज दारात हजर झाली, भांग पाडून, धुतलेले शर्ट घालून. दाराशी चपलांचा हा ढीग पडला. गोदूबाई प्रत्येकाला विचारत होत्या, तू कुठला रे बाळा, आई कुठं आहे, पोळीवर दूध घेणार की तूप? कुणी मराठीत सांगत होतं, कुणी कन्नडमध्ये, त्यांना दोन्ही सारखंच. वादिराज, साहेब माणूस, शर्टाच्या बाह्या वर करून आमटी वाढत होता आणि वाढताना दर वेळी थोडी स्वतःच्या पायावर सांडत होता.

आणि तेव्हा ठकुबाई शिवलीलाच्या कानाशी लागली. "सपलं."

"काय संपलं?"

"पुरान. ह्या शेवटच्या चार पोळ्या. पंगत निम्मी कोरडी बसलीया."

शिवलीलानं पातेल्यात डोकावून पाहिलं. तीच वेळ, तीच शेवटची पंगत, आणि पानावर कोण? दासरहळ्ळीचेच लोक! तिला पहिल्या पंगतीवरून चिडवणारे हेच ते. उद्या सकाळी पीण्यात जो-तो टाळ्या देऊन हसणार, आणि इकडं बसवनगुडीत पुन्हा तिला दारात उभं करणार नाहीत. दार लावून घ्यावं, पोळ्या अर्ध्या करून वाटाव्या, आजारी पडल्याचं सोंग करावं, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण समोर ते शेवटचं पान रिकामं होतं आणि दारातून आणखी दोघं चपला काढत होते. ती तशीच गोदूबाईंपुढं जाऊन उभी राहिली.

"अक्का, पोळी संपली."

हळू बोलायचं होतं तिला. पण आवाज फुटला आणि सगळ्या पंगतीनं ऐकलं. नागराजनं मान खाली घातली. पीण्याच्या पोरांत कुणीतरी खाकरलं.

गोदूबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग पंगतीकडं पाहिलं. "पोळी संपली ना?" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तांदूळ आहेत की नाहीत?"

"आहेत."

"लिंबं? शेंगदाणे?"

"आहेत, पण अक्का..."

"मग रडतेस काय? चित्रान्न करू या." आणि ती बाई, सत्तरी साजरी करणाऱ्या नवऱ्याची बायको, जरीच्या साडीचा पदर कमरेला खोचून स्वयंपाकघरात शिरली. पंगतीला ओरडून सांगितलं, "उठायचं नाही रे कुणी! होतंय!" ठकुबाईनं भात उपसून परातीत पसरला. गोदूबाईंनी फोडणी अशी घातली की मोहरीचा तडतडाट बाहेरपर्यंत गेला. शिवलीला लिंबं पिळत होती आणि डोळ्यांतलं पाणी दंडाला पुसत होती. "लिंबात मीठ पुरे आहे," गोदूबाई म्हणाल्या, "तुझं नको आणखी." वीस-पंचवीस मिनिटांत पिवळाधमक, वाफाळता भात पंगतीवर गेला. आधीच पोटभर पोळ्या खाऊन उठलेला परसू पुन्हा येऊन बसला. पीण्याच्या एका पोरानं तिसऱ्यांदा मागून घेतला आणि वर म्हणाला, "शिवलीलावैनी, शेवटच्या पंगतीची मजाच न्यारी की ओ!" चेष्टा केली की मनापासून बोलला, देव जाणे. पण त्यावर सगळे खो-खो हसले आणि त्यात नागराज सगळ्यांत मोठ्यानं हसला.

ऊन कलल्यावर मंटप निवला. परसू भांडी टेम्पोत चढवत होता, अण्णा गोळी घेऊन भिंतीला टेकून घोरत होते. राहिल्या होत्या त्या दोघीच जेवायच्या. गोदूबाईंनी दोन पानं घेतली, परातीतला उरलेला भात दोघींना वाढला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसल्या.

"आता खरं सांग," त्या म्हणाल्या. "किती माणसांचं शिजवलं होतंस?"

शिवलीलाचा घास हातात राहिला. "चाळीस."

"वादीनं सांगितलं?"

"तो पंचवीस म्हणाला होता. चाळीस माझे." तिला राहवेना, म्हणून पुढं म्हणाली, "चुकलंच माझं, अक्का. तुमचा शब्द सोडून मी आकडा धरला."

गोदूबाईंनी भातातला एक शेंगदाणा बोटानं बाजूला केला.

"मी पण मोजली होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माणसं. ह्यांच्या सत्तरीचं ठरलं तेव्हापासून रोज निजताना, पांघरुणात बोटांवर. येणारे वेगळे, न येणारे वेगळे. विसाच्या वर जाईनात. एकदा तर गेलेली माणसं पण धरली, म्हटलं जरा वाढतील. सासूबाई, मामंजी, आमची प्रमिळाक्का. तरी पण एक पंगत काही भरेना." त्यांनी तो शेंगदाणा परत भातात ढकलला. "मग तू आलीस आणि विचारलंस, किती धरू? ह्यांच्या सत्तरीला विसाचं शिजव, असं कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून म्हटलं, उदंड."

शिवलीलानं उष्ट्या हातानंच गोदूबाईंचा गुडघा दाबला. जरीवर हळदीचा डाग पडला, तो दोघींनीही पाहिला आणि दोघींनाही हसू फुटलं. बघता-बघता गोदूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि शिवलीलाला उठून पाणी आणावं लागलं.

"मग अक्का," पेला देत शिवलीला म्हणाली, "आज एकंदर किती झाली असतील? रिक्षावाले धरून, आमची पीण्याची पोरं धरून..."

"खबरदार!" गोदूबाई म्हणाल्या आणि तिच्या पानावर आणखी एक डाव भात टाकला.